पहारा बदलेपर्यंत

श्रीगोंदा
२६ ऑक्टोबर २०२५

ती. गीताआत्यास,
यशोधराचा सादर जय भीम. वि. वि.

तुझं पत्र दिवाळीच्या आधीच आलं होतं. उत्तराला उशीर झाला म्हणून तू रागावली असशील, आणि रागावलीस की तुझी तब्येत बरी असते हे मला माहीत आहे. तुला फोनवर ऐकू येत नाही त्याचा एक फायदा झाला. गीताआजीमुळे तरी आईचं अक्षर शाबूत राहिलं, असं स्नेहल म्हणते. ती आता नववीत आहे आणि माझ्यापेक्षा उंच झाली आहे. उंचीबरोबर शिष्टपणाही वाढलाय.

बातमी अशी की आपल्या देशातल्या स्काऊट-गाइडच्या दोन मोठ्या संघटना एक झाल्या त्याला यंदा पंच्याहत्तर वर्षं झाली. मी आमच्या शाळेची गाइड कॅप्टन, तेव्हा माझी झोप उडालेलीच आहे. स्नेहलनं त्या इतिहासावर भाषण तयार केलंय. इंग्रजांनी हे सुरू केलं तेव्हा आधी आपल्या पोरांना घेतच नव्हते. मग आपल्या लोकांनी आपली वेगळी पथकं काढली, कुणी राजाच्या नावानं वचन घ्यायचं, कुणी देशाच्या, आणि स्वातंत्र्यानंतर सगळे एका झेंड्याखाली आले. ती हे असं ठसक्यात सांगते की ऐकत राहावं.

शेजारच्या शाळेचे स्काऊटमास्तर गहिनीनाथ सर आणि मी मिळून एकत्र शिबिर घेतोय. जागा ऐकून तू खूश होशील. तुझं माहेर! आपल्या भागातल्या दोन पथकांचा पहिला एकत्र मेळावा १९५१ साली कोल्हारला, प्रवरेतल्या वाळूच्या बेटावर भरला होता म्हणे. आपणही तिथंच तंबू ठोकायचे, अगदी त्या काळच्या रिवाजाप्रमाणे, अशी सरांची कल्पना. त्या मेळाव्याचा एक फोटो मिळाला. कडेला उभा असलेला बारीक मुलगा म्हणजे आपले भीमराजकाका, असं एका म्हाताऱ्या गुरुजींनी सांगितलं. माझा सख्खा काका त्या पहिल्या मेळाव्यात होता, आणि मला पत्ता नाही! तुला आठवत असेल ते लिही. स्नेहल शिबिरात ध्वजरक्षक आहे. दुसऱ्या दिवशी गावात आमचा सत्कार आहे, तेव्हा सगळे तिकडे आणि ही झेंड्यापाशी पहाऱ्यावर. मोठा मान आहे.

गुडघ्याला तेल लावतेस ना? माया आहेच, ती अशीच असू दे.

तुझी
यशोधरा


तिसगाव
३१ ऑक्टोबर

चि. सौ. यशोधरास,
गीताआत्याचे अनेक आशीर्वाद. विशेष.

पत्र पोचलं. गुडघ्याला तेल लावते, पण गुडघा काही ऐकत नाही. तोही माझ्यासारखाच बहिरा झालाय. शेजारची रोहिणी दळण आणून देते, पोरगी गुणाची आहे. बाकी इथं पाणी नाही आणि बोलायला माणूस नाही, असं सगळं जागच्या जागी आहे.

तुझं शिबिर वाचलं. मी खूश झाले नाही. तुला सत्तर जागा सोडून तीच वाळू दिसली का गं? नदीच्या पोटात घर करू नये, हे कोल्हारच्या शेंबड्या पोरालाही कळतं. आकाश निरभ्र असलं म्हणून काय झालं, प्रवरेचं पाणी आभाळातून येत नाही, वरून येतं. कुठंतरी कुणीतरी सोडतं आणि ते भर उन्हात येतं.

भीमराजचा फोटो लावू नकोस. भाषणात त्याचं नाव घेऊ नकोस. त्यानं आयुष्यभर त्या मेळाव्याचं नाव तोंडातून काढलं नाही, तर तू कशाला काढतेस.

आणि एक विचारते, त्याचं नीट उत्तर दे. सगळे सत्काराला जाणार आणि आपलीच पोर झेंड्यापाशी राहणार. तिला बदलायला कोण येणार आहे?

पोरीला माझी पापी. राग आला तर येऊ दे, पण उत्तर लवकर धाड.

तुझी आत्या
गीताबाई


श्रीगोंदा
६ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सादर जय भीम. वि. वि.

तुझं पत्र वाचून हसू का रडू तेच कळेना. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात, पण तुझं तोंड कधी पोळलं ते तरी सांग. मी अगदीच खुळी नाही. पाटबंधाऱ्याच्या माणसांना विचारून आले. धरणातून पाणी सोडायचं रब्बीचं आवर्तन शिबिर संपल्यावर आहे. शिवाय वरच्या बंधाऱ्यावर सरांनी ओळखीचा एक माणूस बसवलाय. पाणी हललं की तो फोन करील. बेट आणि गाव यांच्यामध्ये घोट्याएवढ्या पाण्याचा एक ओघळ आहे, बस्स. वाळू उपसून मध्ये मध्ये खड्डे झालेत, तिथं आम्ही लाल फडकी लावणार आहोत.

भीमराजकाकांचं मात्र मनाला लागलं. बाबा एकदाच बोलले होते. काका झेंडा सोडून पळाला, म्हणून त्याला पथकातून काढला, आणि आपल्या घराला खाली बघावं लागलं, असं ते म्हणाले होते. मी लहान होते, तेवढंच डोक्यात राहिलं. खरं सांगू का, मी गाइडमध्ये आले त्याला तेही एक कारण आहे. मला वाटायचं, आपल्या घरातलं कुणीतरी न पळता उभं राहून दाखवावं. स्नेहल झेंड्यापाशी उभी राहील तेव्हा तो डाग पुसला जाईल. म्हणून ही जागा आणि हा पहारा मला हवा आहे.

खरं काय झालं होतं ते तू सांगत नसशील, तर मी बाबांचं खरं धरून चालणार. बदलायला कोण येणार ते सरांना विचारून कळवते.

तुझा लोभ रागावलेला असला तरी चालेल, कमी व्हायला नको.

यशोधरा


तिसगाव
११ नोव्हेंबर

चि. सौ. यशोधरास,
अनेक आशीर्वाद.

बरं, ऐक. तुझ्या बापाला, सुनीलला, मी दोष देत नाही. तो तेव्हा जन्मालाही आला नव्हता. त्यानं ऐकलं ते सांगितलं. मी नऊ वर्षांची होते आणि काठावर उभी होते.

आपल्या भागात तेव्हा बालवीरांची दोन पथकं होती. एक हॅटवाल्यांचं, त्यांना बूट आणि पितळी बक्कल. दुसरं सेवावाल्यांचं, त्यांना खादीची टोपी, ते जत्रेत पाणी वाटायचे. दोघांत विळ्याभोपळ्याचं सख्य. वरून हुकूम आला, की आता एकच संघटना, एकच झेंडा आणि सगळ्या जातींची मुलं. मग दोन्ही मास्तरांना दाखवायला एक पोरगा हवा झाला. आपली दीक्षा व्हायची होती, गावाच्या लेखी आम्ही महारवाड्यातले. भीमराज तेरा वर्षांचा, शाळेत हुशार. त्याला घेतला. हॅटवाल्यांनी स्कार्फ दिला, सेवावाल्यांनी टोपी दिली. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ते काय असतं हे त्याला तिथं कळलं.

काठी मात्र त्यानं स्वतःची केली. भरीव वेळूची, तिच्यावर तापल्या सळईनं फूट आणि इंचाच्या खुणा. बालवीराची काठी मोजायला पण लागते, असं तो मला ऐटीत सांगायचा.

आमचे आबा, रंभाजी, गावचे येसकर. वेशीवर पहारा करायचे. म्हणून मास्तर म्हणायचे, की पहारा ह्या पोराच्या रक्तातच आहे. कौतुकानंच म्हणायचे. पहारा बदलायचा रिवाज असा होता, की नव्या पोरानं जुन्याच्या हातातून काठी घ्यायची आणि डावा हात मिळवायचा. काठी घेतल्याशिवाय जुन्यानं हलायचं नाही. भीमराजच्या हातातून काठी घ्यायला दोन्हीकडची पोरं तयार नव्हती. हॅटवाले म्हणत, पाळी सेवावाल्यांची. सेवावाले म्हणत, हॅटवाल्यांची. त्याच्या तोंडावर कुणी वाईट बोललं नाही. नुसतं कुणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी गावानं पोरांना जेवण दिलं. पंगतीत भीमराजला कुठं बसवायचा ही पंचाईत होती, ती आपोआप सुटली. झेंड्यापाशी कुणीतरी हवंच होतं. सगळे जेवायला गेले. मी त्याच्यासाठी भाकरी घेऊन काठावर आले होते. त्यानं पाण्याच्या कडेला काठी रोवली होती आणि खुणा बघत उभा होता. ऊन लखलखीत. त्यानं मला हातानं खुणावलं की पुढं येऊ नकोस. मला वाटलं थट्टा करतोय. पण काठीवरची एक खूण बुडाली होती, मग दुसरी. पाणी गढूळ झालं, काड्या आणि फेस यायला लागला. तेवढ्यात जेवलेली पोरं ओळीनं गाणं म्हणत ओघळात उतरली.

त्यानं झेंड्याकडं एकदा बघितलं. मग काठी उपसली आणि पोरांकडं धावत सुटला. ओरडून, ढकलून सगळ्यांना मागं फिरवलं. एकही पोर गेलं नाही. झेंडा, तंबू, भांडी, सगळं गेलं.

संध्याकाळी काठावर सगळ्यांना ओळीत उभं केलं. जागा कुणी निवडली होती, असं गावातलं कुणी विचारायच्या आत दोन्ही मास्तरांनी ठरवून टाकलं, की पहारेकऱ्यानं झेंडा सोडला. एकानं त्याच्या गळ्यातला स्कार्फ काढून घेतला, दुसऱ्यानं डोक्यावरची टोपी. एकमेकांचं तोंड न बघणारी ती दोन पथकं त्या संध्याकाळी खरी एक झाली. हे तुझ्या स्नेहलच्या भाषणात घाल म्हणावं.

आबा एवढंच म्हणाले, की गाव जळालं तरी येसकर येशीवरनं उठत न्हाई, आन् तू उठलास. पुन्हा ते त्याच्याशी बोलले नाहीत. भीमराज मिसरूड फुटायच्या वयात मनमाडला निघून गेला आणि पुढं रेल्वेच्या फाटकावर लागला. तापानं फणफणला तरी फाटक सोडायचा नाही. तिथंच गेला. त्याच्या खोलीच्या कोपऱ्यात ती काठी होती, ती मी आणली. तिच्यावर मी लुगडी वाळत घालते.

आता सांग, डाग कुणावर आहे?

तुझी
गीताआत्या


श्रीगोंदा
१७ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सादर जय भीम. वि. वि.

पत्र वाचून खूप रडले. बाबा असते तर त्यांना वाचून दाखवलं असतं. फोटो लावणार आहे, आणि खाली काकांचं नाव मोठ्या अक्षरात लिहिणार आहे. त्यात तू आडवी येऊ नकोस.

पण शिबिर आता मागं घेता येत नाही. पत्रिका वाटून झाल्या, मांडव ठरला, पाहुणे येणार. मी सरांपाशी जागा बदलायचा विषय काढला होता. ते हसून म्हणाले, की मॅडम, शिळ्या कढीला ऊत आणू नका, तेव्हा फोन कुठं होते. तेही खरंच आहे. माणूस म्हणून ते वाईट नाहीत. पोरांत पोर होऊन खेळतात.

पहाऱ्याला स्नेहलच का, तेही विचारलं. भाषण तिचं, म्हणून मानही तिचा, असं ते म्हणाले. सत्काराच्या हॉलमध्ये खुर्च्या थोड्या आहेत, एक कमी झाली तर बरंच, असंही म्हणाले. थट्टेतच म्हणाले. ते माझ्या मनात का राहिलं कोण जाणे.

तिला बदलायला सरांच्या पथकातला मुलगा यावा असं मी सुचवलं. त्यांनी मान हलवली. म्हणजे ठरलंच.

तू सांगितलेलं स्नेहलला मात्र सांगणार नाही. आत्या, मी इतकी वर्षं मुलींना नेमलेली जागा न सोडायला शिकवते. शिबिराच्या तोंडावर पोरीला जागा सोडायला शिकवू? मग तिनं भीतीपोटी सोडली की धोका बघून, हे कोण ठरवणार? माझा जीव थाऱ्यावर नाही, पण हे बरोबर आहे असं वाटतं.

शिबिर पार पडलं की तिला घेऊन तिसगावला येते. तोवर लोभाला ओहोटी नको.

यशोधरा


तिसगाव
१९ नोव्हेंबर

चि. स्नेहलला,
आजीचे पोटभर आशीर्वाद.

हे पत्र आणि ही काठी रोहिणीच्या नवऱ्याच्या कांद्याच्या टेम्पोतून धाडते. काठीला कांद्याचा वास आला तर नाक मुरडू नकोस. ही तुझ्या भीमराज आजोबांची काठी आहे. तिच्यावर माझ्या लुगड्यांचे रंग लागलेत, ते राहू देत.

तुझी आई शहाणी आहे, पण शहाणी माणसं ठरलेल्या गोष्टीला घाबरतात. म्हणून तुलाच लिहिते. पहाऱ्यावर उभी राहिलीस की ही काठी पाण्याच्या कडेला रोव. खालच्या खुणा बघत राहा. एक खूण बुडाली तर पाणी वाढतंय. पाणी गढूळ झालं, काडीकचरा यायला लागला, तर ते जवळ आलंय. मग तुला बदलायला कोण येतंय याची वाट बघू नकोस. झेंड्याकडं बघत बसू नकोस. बेटावर जे कुणी जितं माणूस असेल त्याला घे आणि काठीनं तळ चाचपत काठाला ये. खड्डे आहेत म्हणे.

पळालीस असं कुणी म्हणालं तर म्हणू दे. तुझ्या आजोबांना पण म्हणाले होते.

काठी हरवू नकोस. मला लुगडी वाळत घालायला लागते.

तुझी
गीताआजी


श्रीगोंदा
२५ नोव्हेंबर

ती. गीताआजी,
सप्रेम जय भीम.

मी ठीक आहे. हे आधी लिहिते, कारण तुला काळजी वाटत असेल. काठी पण ठीक आहे.

तू सांगितलंस तसंच मी केलं. सगळे सत्काराला गेले. बेटावर मी आणि स्वयंपाकाच्या पुष्पावतीमावशी एवढ्याच होतो. मावशींचा पाय अधू आहे, त्या भांडी घासून तंबूत आडव्या झाल्या होत्या. मला बदलायला कुणी आलं नाही. मला वाटलं, सत्कार लांबला असेल. ऊन खूप होतं. मग मी काठीकडे बघितलं तर एक खूण दिसेना. मला वाटलं वाळू खचली असेल. परत बघितलं तर दुसरीही गेली होती.

आजी, मी लगेच निघाले नाही हे तुला खरं सांगते. मी झेंड्याची दोरी सोडायला गेले. गाठ घट्ट होती. मी विचार केला, झेंडा काढून मग मावशींना उठवीन. तेवढ्यात पाण्यातून एक आख्खी फांदी आली, आणि मी दोरी सोडून दिली. मावशींना उठवलं. त्या म्हणाल्या की पोरी, तू जा, माझ्यानं न्हाई व्हायचं. मी त्यांचा हात माझ्या खांद्यावर घेतला आणि काठीनं चाचपत निघाले. ओघळ कमरेला लागत होता. लाल फडकी पाण्याखाली गेली होती. एका ठिकाणी काठी तळालाच लागली नाही, तिथून आम्ही वळलो. काठावर आलो आणि मागे बघितलं तर झेंडा नव्हता.

मग मी तिथंच काठी धरून उभी राहिले. पहारा संपला की नाही ते मला कळेना. आई आणि सर धावत आले. बंधाऱ्यावरच्या माणसानं सरांना फोन केला होता, पण सत्कारात त्यांनी तो बंद ठेवला होता, आणि आपला लागला नाही तर तो आईला करील असं त्यांना वाटलं होतं. सरांनी पहिलं विचारलं की झेंडा कुठे आहे. आईनं मला जवळ घेतलं, पण अजून ती माझ्याशी नीट बोलत नाही. घरात आली की मी झोपल्याचं सोंग घेते.

मी चुकले का? लवकर लिही.

तुझी
स्नेहल


श्रीगोंदा
३० नोव्हेंबर

ती. आत्यास,
सादर जय भीम.

स्नेहलनं सगळं लिहिलंय असं कळलं. काठी तूच धाडली होतीस तर. तुझे उपकार मानायला मला तोंड नाही.

वरच्या बंधाऱ्याच्या पाणी अडवणाऱ्या फळ्या कुणी काढल्या की आपोआप निसटल्या, ते अजून कळलं नाही. पोरीला बदलायला कुणी का गेलं नाही, ते मात्र कळलं. मी धरून चालले होते की सरांचा मुलगा जाईल. सर धरून चालले होते की माझी मुलगी जाईल. त्यांनी मान हलवली होती ती माझ्या बोलण्याला नाही, शेजारी कुणी चहा पुढं केला होता त्याला. मी पुन्हा विचारलं नाही.

परवा दोन्ही शाळांची बैठक आहे. दोन्ही पथकं गणवेशात बोलावली आहेत आणि पालकही येणार आहेत. आज सर घरी आले होते. चहा झाला, स्नेहलच्या धिटाईचं कौतुक झालं. मग हळू आवाजात म्हणाले, की नदीत तंबू कुणी लावले असा प्रश्न निघाला तर आपल्या दोघांच्याही नोकरीवर येईल. त्यापेक्षा पहारेकऱ्यानं परवानगीशिवाय जागा सोडली आणि त्या गडबडीत झेंडा गेला, एवढंच दोघांनी सांगावं. मुलगी लहान आहे, तिला समज देऊन सोडतील. फार तर गाइडचा यंदाचा राज्य पुरस्कार हुकेल. पुढच्या वर्षी आपण तिला पुन्हा बसवू. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं तुला वाटेल, पण फाशी कुठं आहे, नुसती समज आहे, असं ते म्हणाले.

आत्या, मी त्यांना नाही म्हणाले नाही. हो पण म्हणाले नाही. मान खाली घालून कपबशा उचलल्या. आतल्या खोलीत स्नेहल जागी होती.

हे पत्र तुला मिळेल तेव्हा बैठक होऊन गेलेली असेल. म्हणून सल्ला मागत नाही. मी आज काय केलं ते तुला माहीत असावं एवढंच.

यशोधरा


श्रीगोंदा
३ डिसेंबर

ती. आत्यास,
सादर जय भीम. वि. वि.

बैठक झाली. सगळं लिहिते.

शाळेच्या हॉलमध्ये दोन्ही पथकं ओळीनं उभी होती. स्नेहल काठी घेऊनच आली. तिला मी घरी काठी ठेव म्हणाले होते. तिनं ऐकलं नाही. नदीपासून ती काठी ती खाली ठेवतच नव्हती, झोपतानाही उशाशी घ्यायची. मला वाटायचं, भेदरली आहे. तिला कुणी बदललंच नव्हतं, हे मला त्या हॉलमध्ये कळलं. पोर इतके दिवस पहाऱ्यावरच होती.

अध्यक्षांनी विचारलं, की ध्वजरक्षकाला जागा सोडायची परवानगी कुणी दिली. सरांनी माझ्याकडे बघितलं. स्नेहलनंही माझ्याकडे बघितलं, आणि गळ्यातल्या स्कार्फला हात लावला. तिला तुझी सगळी हकिगत मी आदल्या दिवशीच वाचायला दिली होती. आपला स्कार्फ आता कोण काढणार, सर की आई, एवढंच ती बघत होती.

मी उठले. ओळीसमोरून तिच्यापर्यंत गेले, तिच्या हातातून काठी घेतली आणि डावा हात पुढं केला. तिला कळायला जरा वेळ लागला. मग तिनं हात मिळवला. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, की हिचा पहारा बदलायचं काम माझं आणि सरांचं होतं, आम्ही दोघंही गेलो नाही, आज मी आले आहे, आणि हिचा पहारा आता संपला. नदीतली जागा मी मान्य केली होती, मला आधीच सावध केलेलं असताना मान्य केली होती, हेही सांगितलं. मग स्वतःचा स्कार्फ काढून अध्यक्षांच्या टेबलावर ठेवला.

सर खाली बघत राहिले. पालकांतून कुणीतरी झेंड्याच्या अपमानाचं बोलायला लागलं. तेव्हा मागून पुष्पावतीबाई उठल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. त्या म्हणाल्या, की झेंडा दुसरा शिवता येतो, पर माझ्या पोरांनी दुसरी आई कुठनं आनली असती?

आता माझी चौकशी लागली आहे. गाइडचं काम काढून घेतलंय, नोकरीचं काय होईल माहीत नाही. स्नेहलच्या पुरस्काराचंही ठरलेलं नाही. सर कालपासून समोर आले की रस्ता बदलतात. मला भीती वाटते, आत्या. रात्री स्नेहल मात्र काठीशिवाय झोपली. घोरत होती.

काठी माझ्याकडे आहे. या महिनाअखेरीस टेम्पोनं परत पाठवते. पात्रता उरली नसली तरी माया आटू देऊ नकोस.

तुझी
यशोधरा


तिसगाव
८ डिसेंबर

चि. सौ. यशोधरास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र रोहिणीकडून दोनदा वाचून घेतलं. मला दिसत नव्हतं अशातला भाग नाही, डोळ्यांत पाणी येत होतं. चौकशीचं भिऊ नकोस असं म्हणणार नाही. भी. पण जेवत जा.

भीमराज गेला तेव्हा काठी खोलीच्या कोपऱ्यात होती, हे तुला लिहिलं होतं. मी ती उचलून आणली, पण त्याच्या हातातून ती कुणी घेतली नव्हती. तू घेतलीस.

काठी परत पाठवू नकोस. लुगडी मी दोरीवर वाळत घालते.

तुझी
गीताआत्या